यंत्रावर किती तास मिळतील, ते आधी विचारा

औंध, वडूज, विटा, आटपाडी या भागातल्या मुली हल्ली माझ्याकडे सल्ल्याला येतात. कधी आईच फोन करते, "ताई, पोरीला कापडाचं डिझाइन शिकायला बाहेर पाठवायचंय, कुठलं विद्यापीठ चांगलं?" मी उलट विचारते, तिथे मागावर बसायला आठवड्याचे किती तास मिळणार, हे विचारलंय का? बहुतेकींना हा प्रश्न नवा असतो. फी, क्रमवारी, शहर, तिकडचं हवामान, सगळं पाठ असतं. आपण जे शिकायला निघालो ते जिथे शिकायचं, त्या खोलीची चौकशी मात्र कुणीच केलेली नसते.

मी इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका शहरात टेक्स्टाइल डिझाइनचं एम.ए. केलं. माहितीपत्रकात जकार्ड मागाचा पानभर फोटो होता. माग होताही, पण एकच. पदवीची मुलं, आम्ही आणि संशोधन करणारे, सगळ्यांची नावं त्याच वहीत. आधी यंत्र वापरायचं प्रशिक्षण, मग सुरक्षेचा फॉर्म, मग नंबर लावून वाट पाहायची. माझा नंबर लागला तोवर नाताळाच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. तिकडचं एम.ए. वर्षाचंच असतं. सप्टेंबरात सुरू होतं आणि शेवटचा उन्हाळा अंतिम प्रकल्पात जातो, म्हणजे हात बसायला मिळतो तो मधला हिवाळाच. त्यातला बराचसा मी संगणकाच्या पडद्यावर नमुने रंगवत घालवला. ते काम विट्यातही झालं असतं. शिवाय विट्यात खाली यंत्रमाग चालू असतो, आणि अमुक नमुना विणायला गेलं की ताण्याचे धागे का तुटतात, हे तिथला कारागीर अर्ध्या मिनिटात सांगतो.

म्हणून अर्ज भरण्याआधी त्या विभागाला मेल लिहा. हातमाग किती, डॉबी किती, एका वर्गात विद्यार्थी किती, टेक्निशियन किती, कार्यशाळा संध्याकाळी आणि शनिवारी उघडी असते का, सूत विद्यापीठ देतं की आपण आणायचं? शेवटचा प्रश्न खर्चाचा आहे. फीमध्ये सूत, रंग, छपाईचे पडदे, डिजिटल छपाईचं मीटरमागे शुल्क हे बहुधा धरलेलं नसतं. घरून हिशेब करताना हा रकाना रिकामा ठेवला तर तो मार्चमध्ये जेवणाच्या पैशांतून भरावा लागतो.

मोठ्या शहराचा मोह मी समजू शकते. पण कापडाचं शिक्षण मुळात कापडाच्या गावांत वाढलं. स्कॉटलंडच्या दक्षिणेला गॅलशील्स म्हणून लहानसं गाव आहे, ट्वीड नदीजवळचं, लोकरीच्या गिरण्यांवर मोठं झालेलं. तिथलं जुनं वस्त्रविद्येचं महाविद्यालय १९९८ साली हेरियट-वॉट विद्यापीठात सामील झालं. २०१५ मध्ये एडिंबरापासूनची रेल्वे पुन्हा सुरू झाली, त्यामुळे आता ते तासाभराच्या अंतरावर आहे. स्वीडनमध्ये बोरोस हे असंच गाव. तिथली वस्त्रशाळा जुन्या कारखान्याच्या इमारतीत भरते. तिथलं पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं असतं, हा मोठा फायदा. मात्र २०११ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनमध्ये फी पडते, फुकट शिक्षणाच्या जुन्या गोष्टींवर जाऊ नका. ही नावं शिफारस म्हणून घेत नाही. विद्यापीठ क्रमवारीत कितवं आहे यापेक्षा आजूबाजूला गिरणी, सूतवाला आणि रंगवाला आहे का, ते बघा.

एजंटांबद्दल थोडक्यात. सल्ला फुकट मिळतो, कारण पैसे विद्यापीठाकडून येतात. प्रवेश झाला की कमिशन. ज्यांच्याशी करार नाही त्या संस्थेचं नाव त्यांच्या तोंडून सहसा निघत नाही. मला ज्यांनी पाठवलं त्यांनी मागांबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, आणि त्यांना त्यातलं ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. कागदपत्रं भरायला त्यांची मदत जरूर घ्या, निवड त्यांच्यावर सोपवू नका.

आता पोर्टफोलिओ. शहरातल्या एका शिकवणीत आमच्या अख्ख्या तुकडीला एकाच साच्यातून काढलं होतं. पैठणीचा मोर, वारलीची माणसं, मधे एखादं कमळ. निवड करणाऱ्या बाईंनी मुलाखतीत ती पानं भराभर उलटली आणि विचारलं, तुमच्या भागात लोक विणतात काय? मी घोंगडीबद्दल बोलू लागले तेव्हा त्या पहिल्यांदा पुढे सरकून बसल्या. दख्खनी मेंढीची काळी लोकर, जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा माग, ताण्याला चिंचोक्याची खळ, आणि त्या खळीमुळे नव्या घोंगडीला येणारा ताठपणा. माण आणि आटपाडीकडे हे सगळं सायकलच्या अंतरावर आहे. जुन्या औंध संस्थानात आटपाडी होतीच. तिथल्या घोंगडी विणणाऱ्या सनगरांच्या घरी आठवडाभर बसा, काढा, मोजा, चुका करा. खळ लावताना हात कसा फिरतो ते चित्रात आणा. दुसरी जागा औंधच्या यमाईच्या डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय. आपण शाळेच्या सहलीत तिथे जातो आणि परत कधी फिरकत नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारलं. ते स्वतः चित्रकार होते, अजिंठ्याच्या चित्रांवर त्यांनी १९३२ मध्ये पुस्तकही काढलं. अजिंठ्याच्या भिंतींवर पट्टे, बांधणीसारखे ठिपके, इकतसारखी नक्षी असलेली वस्त्रं रंगवलेली आहेत. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प या संग्रहालयात आहे, हे तिकडच्या शिक्षकांना सांगितलं तर ते आधी विश्वास ठेवत नाहीत. या संग्रहालयात वही घेऊन बसलेली मुलगी मोराच्या शिकवणीतून आलेल्या मुलीच्या नक्कीच पुढे असते.

पैशांच्या कागदांचं तर आपल्याकडे वेगळंच आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज अडतो. आपल्या घरचा पैसा असतो पतसंस्थेतल्या ठेवींत, ऊसबिलात, नाहीतर जमिनीत. सातबारा तिथे उपयोगाचा नाही. पतसंस्थेच्या दाखल्यावरही विसंबू नका, कारण नियमनाखालची आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवणारी बँक लागते. म्हणजे ठेव मोडून पैसे बँकेत आणायचे, आणि मग लग्न असो की बोअरवेल, महिनाभर त्याला हात लावायचा नाही. हे वडिलांना आणि काकांना एकत्र बसवून सांगा. वडिलांच्या खात्यावर दाखवत असाल तर त्यांचं संमतिपत्र आणि तुमचा जन्मदाखला लागतो. दाखल्यावर 'भाऊसाहेब' आणि बँकेत 'भाऊराव' असेल तर ते आताच दुरुस्त करून घ्या. क्षयरोगाची तपासणीही नेमून दिलेल्या केंद्रातच होते, तिची वेळ लवकर धरा.

शिष्यवृत्तीच्या अटी डिझाइनवाल्यांना नडतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि चांगल्या कलाशाळा सगळ्याच त्या यादीत वर नसतात. त्या वर्षीची जाहिरात वाचूनच विद्यापीठ ठरवा. ब्रिटन सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला निदान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिकून दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. त्यामुळे पदवीनंतर लगेच धावण्यापेक्षा इचलकरंजीत किंवा विट्यात दोन वर्षं डिझाइनचं काम करून जाणं शहाणपणाचं. यंत्रावर काम केलेली मुलगी तिकडे कमी तासांतही जास्त शिकते.

राहण्याची जागा कार्यशाळेजवळ घ्या. मला घर दाखवणाऱ्यानं 'दहा मिनिटांवर' सांगितलं होतं, ती मिनिटं त्याच्या गाडीची होती. पाहिल्याशिवाय कुणाला पैसे पाठवू नका. इंग्लंडमध्ये घरमालकानं खासगी भाड्याची अनामत ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते, तिची पावती मागा. विद्यापीठाचा दाखला दिला की पूर्णवेळ विद्यार्थ्याला घरपट्टीसारखा तिथला कौन्सिल टॅक्स माफ होतो. डॉक्टरकडे नोंदणी तब्येत धडधाकट असतानाच करून टाका. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्याहून जास्त तास रोख पैशांत देणारे भेटतात, त्यांना नमस्कार करा आणि निघा. व्हिसा गेला तर पदवीही जाते.

हिवाळ्याबद्दल लोक थंडीचं बोलतात. थंडी कपड्यांनी भागते. कापडवाल्यांना खरा त्रास उजेडाचा होतो. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो. दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन धागे सकाळी खिडकीशी नेले की वेगळे निघतात. आपल्याकडच्या रखरखीत उन्हात डोळा घडलेला असतो, त्यामुळे आपल्या रंगपट्ट्या तिथल्या करड्या उजेडात भडक वाटतात. रंगनिवड दुपारी बाराच्या सुमारास करा, किंवा दिवसाच्या प्रकाशाची पेटी कुठे आहे ते विचारून घ्या.

वर्गात सगळ्यांसमोर कामाची चिरफाड होते. आपल्याला 'सर म्हणतील ते' याची सवय, म्हणून आपण गप्प राहतो आणि त्यांना वाटतं हिच्याकडे सांगायला काही नाही. तिथे गुण तयार कापडाला कमी आणि तिथवर कसे पोचलात याला जास्त असतात. फसलेले नमुने फेकू नका, तारीख टाकून वहीत चिकटवा.

नोकरीचा हिशेबही घरी स्पष्ट सांगून जा. शिक्षणानंतर काही काळ थांबायची मुभा ब्रिटननं २०२१ पासून दिली आहे, पण तिचे नियम बदलत राहतात. २०२५ मध्ये कुशल कामगार व्हिसासाठीची सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंडांवर गेली. नवोदितांना थोडी सूट आहे, तरी नव्या डिझायनरला तेवढाही पगार सहज मिळत नाही. 'तिकडे नोकरी लागेल आणि कर्ज फिटेल' या भरवशावर शेत गहाण टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि अर्जाआधीचा तो पहिला मेल विभागातल्या टेक्निशियनच्या नावानं लिहा, प्रवेश कार्यालयाला नको. मागांची संख्या आणि तास त्यांनी नीट कळवले तर पुढे जा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुसरं विद्यापीठ शोधा.