घरची पोस्ट आणि कचेरीची चौकशी

या विभागात आपण नेहमी पेन्शन, विमा, घरकर्ज, मधुमेह अशा विषयांवर वाचतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण त्याचा संबंध घरखर्चाशीच आहे आणि काही अंशी रक्तदाबाशीही! आपण स्वतःच्या वेळात, स्वतःच्या फोनवरून फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपवर काही लिहिले, तर त्यावरून नोकरी जाऊ शकते का? आणि आपल्यापैकी ज्यांचे दुकान, फार्मसी, दंतवैद्यकीय दवाखाना किंवा केअर होम आहे, त्यांच्यासमोर एखाद्या कर्मचाऱ्याची अशी पोस्ट आली तर त्यांनी काय करावे?

मी वकील नाही, संगणक अभियंता आहे. या विषयाकडे वळलो तो ठेच लागल्यामुळे. काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री उशिरा घरी आलो. ग्राहक कंपनीने ऐनवेळी मागण्या बदलल्या होत्या आणि आठवड्याचे काम वाया गेले होते. जेवता जेवता फेसबुकवर रागाच्या चार ओळी लिहिल्या. नाव कोणाचेच घेतले नव्हते. पण मी कुठे काम करतो हे माझ्या पानावर होते आणि रोख कोणावर आहे हे आमच्या विभागात सर्वांना समजले. मंगळवारी चौकशीचे पत्र हातात पडले. तेव्हा मी वर्क व्हिसावर होतो. दोन दिवस बायकोला सांगितले नाही, रात्री झोप लागली नाही.

शेवटी फारसे काही झाले नाही. बैठक झाली, सोबत एक सहकारी आणू दिला, माझे म्हणणे ऐकून घेतले, पोस्ट काढायला सांगितली आणि समज देऊन विषय संपवला. साहेबांनी मेहेरबानी केली असे तेव्हा वाटले. पुढे वाचन केल्यावर कळले की त्यांनी फक्त रीत पाळली होती. ती रीत नोकरदार आणि मालक दोघांनाही माहीत असावी, एवढाच या लेखाचा हेतू.

लेस्टरच्या सुपुत्राचे उदाहरण

गॅरी लिनेकर आपल्या गावचे. लेस्टरच्या बाजारात त्यांच्या घरच्यांचा फळे-भाजीचा गाळा होता. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी ट्विटरवर (आताचे एक्स) लिहिले की लेस्टर सिटीने लीग जिंकली तर पुढच्या मोसमाचा पहिला 'मॅच ऑफ द डे' आपण नुसत्या चड्डीवर सादर करू. संघ जिंकला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी शब्द पाळला. सगळा देश हसला.

७ मार्च २०२३ रोजी त्याच ट्विटरवर त्यांनी सरकारच्या आश्रितविषयक धोरणाच्या भाषेची तुलना १९३०च्या दशकातील जर्मनीशी केली. १० मार्चला बीबीसीने त्यांना पडद्यावरून दूर राहण्यास सांगितले. सहकाऱ्यांनीही काम करायला नकार दिला आणि ११ मार्चचा कार्यक्रम सादरकर्त्याविना, समालोचनाविना अवघा २० मिनिटांत उरकला. १३ मार्चला बीबीसीने त्यांना परत बोलावले. महासंचालकांनी गोंधळाबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि आपल्या नियमांत संदिग्धता असल्याचे मान्य केले. लिनेकर पगारी नोकर नव्हते, शिवाय बातम्यांऐवजी खेळाचा कार्यक्रम करत होते. मग निःपक्षपातीपणाचा नियम त्यांना किती लागू, हाच वाद होता. स्वतंत्र आढावा झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. मोठ्या कार्यक्रमांच्या सादरकर्त्यांना मत मांडता येईल, पण राजकीय पक्षांचा प्रचार किंवा त्यांच्यावर हल्ला करता येणार नाही, असा त्यांचा आशय होता. पुढे मे २०२५ मध्ये इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची एक चित्रफीत पुढे पाठवल्यावरून पुन्हा वादळ उठले. त्यात उंदराचे चित्र होते, ज्याचा ज्यूद्वेषाशी जुना संबंध आहे. चित्र लक्षात आले नव्हते असे सांगून त्यांनी माफी मागितली, पण २५ मेचा कार्यक्रम त्यांचा शेवटचा ठरला.

यातून दोन धडे मिळतात. मालकाने नियम आधी स्पष्ट केले नाहीत आणि गदारोळ पाहून कारवाई केली, तर नाचक्की मालकाचीच होते. आणि लिहिणाऱ्यासाठी: न वाचता, न पाहता पुढे पाठवलेली गोष्टही आपल्याच नावावर जमा होते.

न्यायालये काय पाहतात?

लिनेकर मोठे नाव. साध्या नोकरदारांचे काय होते, ते निकालांवरून पाहू.

१) ट्रॅफर्ड हाउसिंग ट्रस्ट, २०१२. या संस्थेच्या एका व्यवस्थापकाने चर्चमधील समलिंगी विवाहांविषयी आपले प्रतिकूल मत सौम्य शब्दांत फेसबुकवर लिहिले. संस्थेने त्याचे पद उतरवले आणि पगार ४० टक्क्यांनी कमी केला. हायकोर्टाने संस्थेला दोषी धरले. पानावर संस्थेचे नाव असले तरी हे संस्थेचे मत आहे असे कोणीही समंजस वाचक मानणार नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे. पण ट्रायब्युनलची मुदत टळून गेली होती आणि केवळ कराराच्या दाव्यावर त्याला भरपाई मिळाली ती १०० पौंडांहूनही कमी! मुदतीचे महत्त्व यावरून कळावे.

२) गेम रिटेल, २०१४. दुकानांवर देखरेख करणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या खाजगी ट्विटर खात्याला कंपनीचीच ६५ दुकाने जोडलेली होती. त्याने अनेक समाजगटांबद्दल अश्लाघ्य मजकूर लिहिला. खालच्या ट्रायब्युनलने बडतर्फी अन्यायकारक ठरवली होती. अपिलात तो निकाल रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीला गेले. इतकी दुकाने वाचत असताना 'हे माझे खाजगी खाते' एवढे म्हणणे पुरेसे नाही, हा मुद्दा होता.

३) ब्रिटिश वॉटरवेज बोर्ड, २०१५. आपत्कालीन ड्यूटीच्या आठवड्यात आपण मद्य घेतल्याचे एका कामगाराने फेसबुकवर लिहिले होते. त्या नोंदी २ वर्षे जुन्या होत्या. तरीही त्याची बडतर्फी अपिलात योग्य ठरली, कारण प्रश्न सुरक्षिततेचा होता.

४) फार्मर्स स्कूल, २०२५. ग्लॉस्टरशायरमधील या शाळेतील एका कर्मचारी महिलेने लैंगिकता-शिक्षणाविरुद्धचा मजकूर फेसबुकवर पुढे पाठवला. खाते माहेरच्या नावाने होते, शाळेचा उल्लेख नव्हता. एका पालकाच्या तक्रारीवरून जानेवारी २०१९ मध्ये तिला काढले. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी कोर्ट ऑफ अपीलने निकाल दिला की भाषा आक्षेपार्ह होती असे धरले तरी बडतर्फी प्रमाणाबाहेर होती. कामात तिने कोणाशी भेदभाव केल्याचा पुरावा नव्हता आणि श्रद्धा व मते यांना समानता कायदा २०१० चे संरक्षण आहे.

चारही निकाल एकत्र वाचले की सूत्र दिसते. पोस्ट घरून केली की कचेरीतून, यावर सगळे अवलंबून नसते. कामाशी तिचा धागा किती जुळतो, प्रत्यक्ष नुकसान काय झाले किंवा होऊ शकते, आणि शिक्षा त्या मानाने योग्य आहे का, हे तीन प्रश्न निर्णायक ठरतात.

मालकवर्गासाठी

आपल्या लहान व्यवसायांत बहुधा असे होते. कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवतो, मालक संतापतो आणि 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणून मोकळा होतो. ही घाई महागात पडते. त्याऐवजी पुढील क्रम ठेवावा.

● नियम आधी लिहा. एक पान पुरे. रुग्णांची व ग्राहकांची माहिती, सहकाऱ्यांची टवाळी, द्वेषपूर्ण मजकूर, दुकानाच्या नावाने बोलणे, यांची साधी उदाहरणे द्या. प्रत्येकाला वाचायला देऊन सही घ्या.

● पोस्ट संपूर्ण पाहा. तारीख, मागचापुढचा संदर्भ आणि ती किती जणांना दिसत होती, याची नोंद ठेवा. मात्र कर्मचाऱ्यांच्या खात्यांत डोकावत बसू नका. त्यांची माहिती गोळा करण्यालाही डेटा संरक्षण कायद्याची मर्यादा आहे.

● ओरड आणि नुकसान यांत फरक करा. एका गिऱ्हाइकाचा रागीट फोन म्हणजे धंद्याचे नुकसान नव्हे.

● अकास या सरकारी अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या संस्थेची आचारसंहिता पाळा. आरोप लेखी कळवा, तयारीला वेळ द्या, बैठक घ्या, सहकारी किंवा युनियन प्रतिनिधी सोबत आणू द्या, निर्णय लेखी द्या, अपिलाची संधी द्या. संहिता विनाकारण डावलली तर ट्रायब्युनल भरपाई २५ टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

● शिक्षेची पायरी चढत जा. आधी पोस्ट काढायला सांगणे, मग समज, मग लेखी ताकीद. बडतर्फी फक्त गंभीर प्रकरणात. भाच्याला एक न्याय आणि परक्याला दुसरा, असे करू नका.

● तक्रार खरी असेल तर? केअर होममध्ये माणसे कमी पडतात, रुग्णांचे हाल होतात, असे कोणी सार्वजनिक हिताच्या भावनेने सांगत असेल तर कायदा काही अटींवर त्याला संरक्षण देतो. तिथे शिक्षेचा विचार करण्याआधी केअर होमकडे पाहा.

नोकरदारांसाठी

फेसबुकच्या पानाला 'वॉल' म्हणत. आपल्याकडे म्हणतातच की भिंतीला कान असतात! 'ही मते माझी वैयक्तिक आहेत' असे वर लिहिल्याने थोडी मदत होते, पण ते चिलखत नव्हे. बंद गटातला संदेशही कोणीतरी एक जण पुढे पाठवतोच.

आपल्या लेस्टरकरांना सप्टेंबर २०२२ आठवत असेल. २८ ऑगस्टच्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर गावात तणाव वाढला आणि फोनवर अफवांचा पाऊस पडला. एका मुलीच्या अपहरणाच्या प्रयत्नाची बातमी सर्वत्र फिरली. पोलिसांनी तपास करून तशी घटना घडलीच नसल्याचे जाहीर केले. तोवर ती हजारो फोनांत पोचली होती. असा मजकूर पुढे पाठवणारी व्यक्ती उद्या वॉर्डात, वर्गात किंवा दुकानात त्याच समाजाच्या माणसांसमोर उभी राहते. म्हणून आपल्या माणसांचा गट असला तरी हात आवरावा. डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, फार्मासिस्ट यांच्या नोंदणी संस्थांचे याविषयी वेगळे नियम आहेत. तिथे नोकरीबरोबर नोंदणीही पणाला लागते.

व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. प्रायोजित नोकरी संपली की मालकाला १० कामकाजाच्या दिवसांत होम ऑफिसला कळवावे लागते. त्यानंतर व्हिसाची मुदत साधारणपणे ६० दिवसांवर आणली जाते. तेवढ्यात नवी प्रायोजित नोकरी, मुलांची शाळा, घरभाडे, सगळे सांभाळायचे. कारवाई सुरू होताच राजीनामा देऊन टाकू नका. आधी सल्ला घ्या.

अन्यायकारक बडतर्फीचा दावा करण्यासाठी सेवेची किमान अट आहे. ती २ वर्षांची होती. डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून ती ६ महिन्यांची होते. भेदभावाच्या दाव्याला मात्र अशी अट नाही, तो पहिल्या दिवसापासून करता येतो. दाव्याची जुनी मुदत ३ महिन्यांत १ दिवस कमी अशी होती. नव्या कायद्यात ती वाढवण्याची तरतूद असली तरी आपण ३ महिनेच धरून चालावे. अकासचा मोफत दूरध्वनी सल्ला नोकरदार आणि मालक दोघांनाही मिळतो. क्रमांक ०३०० १२३ ११००.

पत्र आल्यास घाबरून पोस्ट गुपचूप खोडू नका. तिची प्रत ठेवा, काढून टाकायला सांगितले तर काढा. चूक असेल तर मोकळेपणाने कबूल करा, बैठकीला सोबती न्या, आणि घरी सांगा. ते दोन दिवस मी मनात कुढत काढले. बायकोला सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, "मग बैठकीला कोणाला नेणार आहेस?" त्या रात्री मला झोप लागली.

'उचलली जीभ लावली टाळ्याला' ही म्हण आता अंगठ्यालाही लागू आहे. रागात लिहिलेली ओळ सकाळपर्यंत राखून ठेवावी आणि चहा झाल्यावर पुन्हा वाचावी. माझ्या बऱ्याच ओळी तिथेच संपतात. मालकांनीही रागाच्या भरात लिहिलेल्या बडतर्फीच्या पत्राला हाच नियम लावावा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष प्रकरणात जाणकारांचा सल्ला अवश्य घ्यावा.)