बरे असताना घ्यावयाचे औषध

गेल्या भाद्रपदात एके दिवशी चौथ्या तासाला, इयत्ता नववीतील आमच्या एका विद्यार्थ्यास वर्गातच दम्याचा झटका आला. तो फळ्यापाशी उभा राहून भूमितीतील एक प्रमेय सिद्ध करीत होता. प्रथम तो खोकू लागला, मग खांदे उचलून श्वास ओढू लागला, आणि आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यास एका दमात पुरे करता येईना. त्याचा निळा पंप कचेरीतील कपाटात कुलपात होता, आणि किल्ली बाळगणारे गृहस्थ बँकेत गेले होते. ती दहा मिनिटे आम्हांस विसरता येत नाहीत.

मुलगा वाचला. सायंकाळी रुग्णालयात त्याच्या वडिलांची गाठ पडली, तेव्हा समजले की, डॉक्टरांनी रोज घेण्यास दिलेला दुसरा पंप आषाढापासून बंद होता. "मुलगा खेळतो आहे, खातो आहे, मग बाराही महिने औषध कशास, असे पालकसभेत आपणच म्हणाला होतात, सर," असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. परंतु ते खरे होते. ज्या विषयात आम्हांस गती नव्हती, त्यात आम्ही सल्ला दिला होता. त्यानंतर डॉक्टरांस विचारून व वाचून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहो.

दमा म्हणजे अधूनमधून येणारा झटका, अशी आमची समजूत होती. वस्तुतः झटका हे त्या विकाराचे दृश्य रूप होय. ज्या नळ्यांतून हवा फुप्फुसांत जाते, त्यांच्या आतील अस्तरास दमेकऱ्याच्या ठायी मंद दाह सतत असतो. अस्तर किंचित सुजलेले, चिकट कफ अधिक, आणि भोवतालचे स्नायू जरा निमित्त होताच आवळून बसण्यास सिद्ध. धूळ, धूर, सर्दी, थंड हवा यांपैकी काहीही निमित्त पुरते. मुलगा हसतखेळत असतो त्या दिवशीही हा दाह आत असू शकतो, आणि म्हणूनच तो बरा झाला असे आपणांस वाटते.

आता दोन पंपांतील भेद पाहू. निळ्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल असते. ते आवळलेले स्नायू सैल करते व काही मिनिटांत आराम देते. सुजेवर त्याचा इलाज नाही. दुसऱ्या पंपात बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड अशांपैकी एखादे स्टेरॉइड असते, आणि ते सूज उतरविते. मात्र हे काम दिवसांचे, कधी आठवड्यांचे असते. घेतल्याबरोबर काहीच जाणवत नाही, व सोडल्याबरोबरही काही बिघडत नाही. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात आणि गळू लागल्यावर खाली पातेली मांडतात. निळा पंप हे पातेले होय. गंमत अशी की, घरातील सर्वांचा विश्वास पातेल्यावरच अधिक बसतो, कारण त्यात पाणी पडलेले दिसते. २०१९ सालापासून दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनात प्रौढांस व बारा वर्षांवरील मुलांस केवळ निळ्या पंपावर ठेवू नये असे स्पष्ट म्हटले आहे.

आधी घ्यावयाच्या औषधाची कल्पना पूर्वी डॉक्टरांसही सहज पटणारी नव्हती. या संदर्भात रॉजर अल्टून्यान या डॉक्टरांची हकीकत विद्यार्थ्यांस आवडेल. ते १९२२ साली सिरियातील अलेप्पो शहरी जन्मले व स्वतः दमेकरी होते. इंग्लंडमधील एका औषध कंपनीत काम करीत असता, इजिप्तकडील एका वनस्पतीतील द्रव्यापासून बनविलेली नवी रसायने त्यांनी स्वतःवरच तपासली. गिनीपिगच्या केसांचा अर्क श्वासातून घेऊन ते मुद्दाम झटका आणवीत, आणि त्यापूर्वी घेतलेल्या रसायनाने तो किती कमी झाला हे मोजीत. असे वर्षानुवर्षे चालले. १९६५ साली क्रोमोग्लायकेट हे औषध हाती आले. झटका सुरू झाल्यावर त्याचा काही उपयोग नसे. आधी घेतले असता मात्र तो टळे. अल्टून्यान युद्धकाळी वैमानिक होते, म्हणून या औषधाची भुकटी फुप्फुसांत पोहोचविण्यासाठी त्यांनी चिमुकला पंखा असलेले साधनही तयार केले. आज छातीसाठी त्याची जागा बहुतांशी स्टेरॉइडच्या पंपाने घेतली आहे. ॲलर्जीने खाजणाऱ्या डोळ्यांसाठी त्याचे थेंब अद्याप मिळतात. नेहमीचा दाबाचा पंपही एका मुलीच्या प्रश्नातून निघाला असे सांगतात: अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या प्रमुखांची तेरा वर्षांची दमेकरी कन्या म्हणाली, माझे औषध डब्यातील फवाऱ्यासारखे का नसावे? १९५६ साली तो पंप बाजारात आला.

स्टेरॉइड हा शब्द ऐकताच पालक दचकतात. आम्हीही दचकलो होतो. परंतु पंपाच्या एका झोताचे मोजमाप मायक्रोग्रॅममध्ये असते, बहुधा १०० किंवा २००. आणि झटक्यात द्याव्या लागणाऱ्या गोळ्यांचे मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅमचे १००० मायक्रोग्रॅम होतात, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगणे नको. ज्याने रोजचा पंप टाळला त्यास एका झटक्यापायी कितीतरी अधिक स्टेरॉइड पोटात घ्यावे लागते, हा हिशेब आम्ही पूर्वी केलाच नव्हता. या औषधाचे काहीच उणे नाही असेही नव्हे. अमेरिकेत मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला असता, प्रौढपणी उंचीत सरासरी सुमारे १ सेंटिमीटरचा फरक आढळला. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, यास्तव पंपानंतर चूळ भरून थुंकावी. 'सवय लागते' ही भीती मात्र निराधार आहे. औषध सोडल्यावर त्रास परततो तो विकार शिल्लक असल्यामुळे. सुमारे तीन महिने प्रकृती उत्तम राहिली, तर डॉक्टर स्वतःच मात्रा उतरवीत जातात. ते त्यांनी करावयाचे, घरच्यांनी किंवा वर्गशिक्षकांनी नव्हे.

नाकाचेही असेच आहे. बहुतेक दमेकऱ्यांस शिंका व नाक वाहणे यांचाही त्रास असतो. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींवर बुरशी धरते, गाद्यांत डोळ्यांस न दिसणारे धुळीतील किडे वाढतात, आणि पाऊस सरता सरता गाजरगवत फुलते. हे गवत अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले, आणि आज आमच्या मैदानाच्या कुंपणालगतही ते कंबरभर वाढते. ज्यास दरवर्षी ठराविक महिन्यात त्रास होतो, त्याने नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा त्रासाच्या आठ-पंधरा दिवस आधी सुरू करून मोसमभर रोज घ्यावा, असे डॉक्टर सांगतात. माँटेलुकास्टची गोळी कित्येक मुलांस दिली जाते. ती घेणाऱ्यांपैकी काहींस वाईट स्वप्ने पडतात, चिडचिड व उदासी येते. २०२० साली अमेरिकेतील औषध-नियामकांनी तिच्यावर ठळक इशारा छापण्यास लाविले. मूल एकाएकी बदललेले दिसले, तर ते अभ्यासाच्या कंटाळ्यावर न ढकलता डॉक्टरांस कळवावे.

पंप ओढण्याची रीत चुकली तर औषध जिभेवरच राहते. मध्ये नळकांडे, म्हणजे स्पेसर, लावल्यास हे टळते. ते परवडत नसेल तर डॉक्टरांस विचारावे: केप टाऊनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाशी पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून ते काम साधते, असे १९९९ साली दाखवून दिले.

आमचा विद्यार्थी आता सकाळी दात घासण्यापूर्वी पंप घेतो, म्हणजे चूळ आपोआप भरली जाते; ही युक्ती त्याच्या आईची. कचेरीतील कपाटाची पद्धत आम्ही बंद केली आहे. निळा पंप मुलाच्या दप्तरात वरच्या कप्प्यात असतो, दुसरा एक वर्गशिक्षकांच्या मेजात, आणि त्या मेजास कुलूप नाही.