दाद द्यावी कशी?



'दाद' हा शब्द तुम्हांला नवा नाही. फारसीतून तो उर्दूत आला, तसा मराठीतही आला. त्याचा मूळ अर्थ 'न्याय'. म्हणून अन्याय झाला की आपण दाद मागतो आणि कला आवडली की दाद देतो.

एकदा आम्ही बारामतीहून इंदापूरला शालेय नाट्यस्पर्धेसाठी गेलो होतो. नववीतल्या एका मुलाने म्हाताऱ्या बापाचे काम केले. परतताना एसटीत सगळे त्याला 'छान!' म्हणत होते. तो मात्र गप्प होता. मी कारण विचारले. तो म्हणाला, "सर, छान तर सगळ्यांनाच म्हणतात. माझे काय चांगले झाले, ते कोणीच सांगत नाही."

मी त्याला डॉ. श्रीराम लागू यांच्याविषयी सांगितले. ते कान, नाक व घशाचे डॉक्टर होते. 1969 मध्ये त्यांनी तो व्यवसाय सोडून रंगभूमीला वाहून घेतले. 1970 मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगमंचावर आले. आपले सर्व धन मुलांना देऊन बेघर झालेला वृद्ध नट लागूंनी उभा केला. तेव्हा ते अवघे 43 वर्षांचे होते! जाणकारांनी त्यांची नुसती वाहवा केली नाही. भारदस्त आवाज, स्पष्ट उच्चार आणि भूमिकेमागचा विचार, असे एकेक गुण त्यांनी दाखवून दिले. 2019 मध्ये लागू गेले, पण ती भूमिका लोक विसरले नाहीत.

बोलता बोलता निमगाव केतकी मागे पडले. मी त्या मुलाला म्हणालो, "घराची किल्ली मुलाला देताना तुझा हात क्षणभर थांबला. तिथे मला बापाचे मन दिसले. पण शेवटचे वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोहोचले नाही."

त्याचा चेहरा खुलला. दोष ऐकूनही तो नाराज झाला नाही. तेच वाक्य त्याने एसटीतच मोठ्याने म्हणून दाखवले!

मित्रांनो, कलावंत खूप कष्ट घेतो. त्याचे काम नीट पाहणे आणि काय आवडले, का आवडले हे सांगणे, हाच त्याला न्याय.

शब्दार्थ
वाहून घेणे – पूर्णपणे त्या कामाला लागणे
भारदस्त – वजनदार, रुबाबदार
जाणकार – माहीतगार

स्वाध्याय
1. एसटीत मुलगा गप्प का होता?
2. 'दाद मागणे' व 'दाद देणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
3. तुमच्या वर्गातील एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या अभिनयाविषयी पाच वाक्ये लिहा. 'छान' हा शब्द वापरू नका.