जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायचंय? मुलाखतीआधी हे तीन हिशेब करा

व्हिडिओत जपानच्या जेट प्रोग्रामबद्दल बोललो, त्याचे मुद्दे लिहून देतो.

१) पात्रता : जेट 1987 पासून चालू आहे. पदवी कोणत्याही विषयाची चालते. पण परदेशी भाषा शिकवायच्या व्हिसासाठी 12 वर्षांचं शिक्षण त्या भाषेतून झालेलं लागतं. आपल्या तलवाड्यात मराठी शाळेत शिकलेल्यांनी हे आधी बघा. स्वप्न मोठं असू द्या, पण अट वाचूनच खर्च करा.

२) गिऱ्हाईक ओळखा : मुलाखतीत तुम्ही माल विकताय आणि गिऱ्हाईक आहे शाळा. वर्गात मुख्य शिक्षक जपानी असतो, तुम्ही सहाय्यक. म्हणून "मी एकटा सगळं करतो" असं सांगू नका. कुणासोबत मिळून काम केलंय ते सांगा. "जपानच का?" याचं उत्तर स्वतःचं ठेवा. छोटा पाठ घ्यायला सांगतील, अशी तयारी ठेवा.

३) पैसा : अर्ज जपानी दूतावासाकडे जातो, विमानाचं तिकीट प्रोग्राममधून मिळतं. मग "सेटिंग लावतो, लाखभर द्या" म्हणणाऱ्याला कशाचे पैसे?

आजचा गृहपाठ : बैलपोळा सोप्या इंग्रजीत, चित्र आणि हातवारे वापरून, पाच मिनिटांत घरच्या लहान पोराला समजावा. त्याला कळला, तर तयारी झाली समजा.