स्तनाच्या कर्करोगाची तपासणी : हिशेब कशाचा मांडायचा?

मळणी झाली की आपण रास मोजतो. बी किती पेरले, एवढ्यावर कोणी समाधान मानत नाही. आरोग्य शिबिर झाले की मात्र किती बायका आल्या, एवढेच सांगितले जाते. हा पेरणीचा आकडा झाला.

केंद्र सरकारच्या 2016 च्या सूचनांनुसार 30 वर्षांवरील स्त्रियांच्या स्तनांची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयाची आहे. यंत्र नको, शिकविलेल्या सेविकेने हाताने तपासावयाचे. परंतु 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीही झालेल्या अवघ्या 0.9 टक्के निघाल्या. म्हणजे पेरणीच झालेली नाही!

हाताने तपासून उपयोग होतो काय, हे मुंबईच्या टाटा रुग्णालयाने पडताळून पाहिले आहे. 1998 पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची तपासणी दोन-दोन वर्षांनी चार वेळा झाली. दुसऱ्याला फक्त माहिती दिली. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही. हेही सांगितलेच पाहिजे.

तेव्हा विचारावयाचे ते असे : गाठ लागलेल्यांपैकी किती जणी मोठ्या दवाखान्यात पोहोचल्या? किती दिवसांत? रोग कितव्या टप्प्यावर होता? उपचार पुरा झाला काय? आमच्या मते खरी गळती इथेच होते. निपाणीकडे विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. बेळगावला एक खेप म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. त्यातून गाठ दुखत नाही, म्हणून ती सुगी होईपर्यंत थांबते. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच.

बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते डॉक्टरांनी ठरवावयाचे. नवी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलेले बोंड किंवा त्यातून येणारे रक्त दिसल्यास शिबिराची वाट पाहू नये. आणि आशाताई घरी आल्या, तर पन्नाशी ओलांडलेल्या सासूबाईंचे नाव आधी सांगावे.