शेवटचे दहा फूट
(ऑनलाइन गोल्फचं एक प्रॅक्टिकल)

नाशिकमध्ये "गोल्फ क्लबला चाललोय" म्हटलं तर कुणी तुम्हाला श्रीमंत समजत नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचंच ते बोलीतलं नाव. लोक तिथे सकाळी चालायला-पळायला येतात, क्रिकेट खेळतात, रणजीचे सामनेही तिथे झालेत. गोल्फची काठी मात्र आमच्यापैकी कुणी हातात धरलेली नाही. आमचं गोल्फ चालतं हॉस्टेलमध्ये, मेसचं जेवण झाल्यावर, लॅपटॉपवर.

विंगचा नियम सोपा आहे. शनिवारी रात्री १८ होल खेळायचे आणि ज्याचे फटके सगळ्यात जास्त, त्याने रविवारी सगळ्यांना मिसळ खिलवायची. मित्रांनो, मी ओळीने चार रविवार खिलवली! गंमत म्हणजे विंगमध्ये सगळ्यात लांब फटका माझाच जायचा. २५० यार्ड, सरळ. सगळे "वा!" म्हणायचे. मग होलपासून चार फुटांवर येऊन मी तीन-तीन फटके घालवायचो. चौथ्या मिसळीनंतर घरी फोन करून पैसे मागायची वेळ आली आणि "कशाला हवेत?" या बाबांच्या प्रश्नाला उत्तर सुचेना. तेव्हा ठरवलं, हा प्रकार नीट समजून घ्यायचा. त्याचंच हे जर्नल.

उद्देश

नेहमीच्या मैदानाचं पार ७२ असतं. पार ठरवताना प्रत्येक होलला ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावरचे, २ फटके धरलेले असतात. १८ दुणे ३६. म्हणजे निम्मा पेपर ग्रीनवरच असतो! २५० यार्डांचा फटका एक मोजतात आणि एक फुटाचाही एकच.

पटत नसेल तर ७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ आठवा. आम्ही तेव्हा शाळेत होतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं गोल्फ बघायला गोल्फ न कळणारी माणसंसुद्धा टीव्हीपुढे बसली होती. तिचे लांबचे फटके इतर स्पर्धकांच्या मानाने तोकडे पडत होते, पण ग्रीनवर तिचा हात असा बसला होता की ती शेवटपर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली. चौथी आली. पदक एका फटक्याने हुकलं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. टीव्हीवरच्या व्यावसायिक खेळाडूंचेही ८ फुटांवरून साधारण निम्मेच चेंडू आत जातात. ३ फुटांवरून मात्र जवळजवळ सगळे जातात. म्हणजे ३० फुटांवरून होलमध्ये टाकायची हाव धरू नका. चेंडू ३ फुटांच्या आत आणून ठेवला की काम झालं.

सिद्धांत

गेममध्ये ग्रीनचा वेग ८, १०, १३ अशा आकड्यात दिसतो. तो आकडा येतो स्टिंपमीटरवरून. एडवर्ड स्टिंपसन या अमेरिकन माणसाने १९३५ मध्ये काढलेलं हे साधन म्हणजे निव्वळ एक खाचेची पट्टी, ३ फूट लांब. पट्टी हळूहळू उचलायची, चेंडू आपोआप सुटतो आणि सपाट ग्रीनवर जितके फूट जाईल तो ग्रीनचा वेग. बस्स! फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये शोभेल असं यंत्र.

चेंडू सुटतो सेकंदाला सुमारे १.८३ मीटर वेगाने. १० फूट जाऊन थांबला, तर गणित करून मंदन येतं ०.५५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जेमतेम साडेपाच टक्के. आता उतार घ्या. घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याला उतारावर जी साइन थीटाच्या ५/७ पटच त्वरण मिळतं, हे मेकॅनिक्समध्ये आपण सगळ्यांनी घोकलंय. दोन्ही आकडे एकत्र केले की एक सोपा नियम हातात येतो :

वेग १० असलेल्या ग्रीनवर होल १ इंच वर असेल तर अंतरात १ फूट मिळवा, १ इंच खाली असेल तर १ फूट वजा करा.

उदाहरणार्थ, १२ फुटांवरचं होल ३ इंच वर असेल तर १५ फुटांचा फटका मारा; ३ इंच खाली असेल तर ९ फुटांचा. वेग १३ असेल तर इंचाला १ ऐवजी साधारण १.४ फूट धरा, ८ असेल तर पाऊण फुटाच्या थोडं वर. प्रत्येक गेमचं आतलं गणित अगदी खऱ्यासारखं नसतं, म्हणून हा नियम आधी तपासून मगच वापरा. तपासायचा कसा, ते पुढे.

कृती

१) सराव-मैदानात सपाट जागा शोधा. मीटरवर १० फुटांची खूण धरून दहा फटके मारा आणि प्रत्येक वेळी चेंडू कुठे थांबला ते वहीत लिहा. मी लिहिलं तेव्हा कळलं, माझे सगळे चेंडू अर्धा ते एक फूट पुढे जातायत. लॅपटॉप जुना, क्लिक उशिरा पोचतं. चूक ठरावीक आहे म्हणजे ती वजा करता येते! हात कापत असता तर उपाय कठीण होता.

२) मग चढ-उतारावर तेच करा आणि इंच-फुटाचा नियम तुमच्या गेमला लागू पडतो का पाहा.

३) चेंडू होलपर्यंत पोचायलाच हवा, आखूड पडलेला आत जाणं शक्यच नाही. नासात काम केलेल्या आणि पुढे गोल्फ शिकवणाऱ्या डेव्ह पेल्झने होलच्या १७ इंच पुढे जाईल इतका जोर सांगितला आहे. आपण १ फूट धरू. तीव्र उतारावर मात्र हा फूटही सोडून द्या.

४) आडवा उतार असेल तर आधी जोर ठरवा, दिशा नंतर. चेंडू जितका हळू तितका जास्त वळतो, म्हणून होलजवळच्या शेवटच्या टप्प्यातला उतार सगळ्यात महत्त्वाचा. जाळीवरचे सरकणारे ठिपके तिथेच नीट बघा.

५) ग्रीनच्या बाहेरून चिप मारताना चेंडू कुठे पडेल याचा विचार आधी करा. पिचिंग वेजने साधारण एक भाग हवेत आणि दोन भाग घरंगळत जातो. सँड वेजने निम्मा-निम्मा. मधे बंकर नसेल तर उंच उडवायच्या भानगडीत पडू नका.

६) चेंडू गवतात असेल तर गेम सांगतो, २५ टक्के ताकद जाणार. ३० यार्ड हवे असतील तर बहुतेक जण ३० मध्ये २५ टक्के मिळवून साडेसदतीस मारतात आणि आखूड पडतात. ३० ला ०.७५ ने भागा. उत्तर ४०.

दक्षता

चुकल्यावर लगेच दुसरा फटका मारू नका. माझे बरेचसे तिसरे फटके रागाच्या भरात गेलेले होते. रात्री एकच राऊंड खेळा. सबमिशनच्या आठवड्यात तोही नको.

निष्कर्ष

पाचव्या शनिवारी मी पहिला वगैरे आलो नाही. सहा जणांत तिसरा आलो. लांब फटका होता तेवढाच राहिला, पण अख्ख्या राऊंडमध्ये एकाही होलवर ग्रीनवर तीन फटके लागले नाहीत. रविवारची मिसळ पहिल्यांदा फुकट खाल्ली आणि तिखट असूनही गोड लागली.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. त्या वहीतली दहा रीडिंग्ज ही मी इंजिनीअरिंगला आल्यापासून स्वतः घेतलेली पहिली रीडिंग्ज होती. एरवी सिनियरचं जर्नल, उत्तरावरून उलटं गणित, सरळ रेषेचा सुबक ग्राफ आणि खाली सही! उत्तर बरोबर यायचं, पण आपला मीटर किती चुकतो ते कधी कळलंच नाही. चूक दिसली तीही मिसळीचे पैसे वाचवायच्या नादात.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी जर्नल मागायला गेलो नाही. रीडिंग्ज घेतली, ग्राफ वाकडा आला. सरांनी विचारलं, "हे असं का?" मला कारण सांगता आलं. सरांनी क्षणभर बघितलं आणि सही केली.