हसू मोजता येईल काय?

गोंडपिपरी हा चंद्रपूर जिल्ह्यातील एक तालुका. या जिल्ह्यात काही ठिकाणी विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते. असे पाणी लहानपणी सतत प्याल्याने दातांवर डाग पडतात. दंतवैद्याला डाग दिसतात. पण हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुलाचे दुःख त्यास कसे कळावे? ते मुलालाच विचारले पाहिजे!

म्हणून २००२ साली कॅनडातील टोरांटो येथे ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी एक प्रश्नावली तयार झाली. गेल्या तीन महिन्यांत दात दुखले काय? खाताना त्रास झाला काय? कोणी चिडवले काय? ‘कधीच नाही’ यास शून्य, ‘जवळजवळ रोज’ यास चार गुण. बेरीज जितकी मोठी, तितका त्रास अधिक.

मुलांनो, डाग हा पाण्याचा दोष, मुलाचा नव्हे. मग चिडवून आपण त्याची बेरीज का वाढवावी?